साहेबांनी झेललं

"हे पाइप आधी काढा," दौलतराव इंगवले म्हणाले. "गिऱ्हाइकानं बाल्कनीत आल्या आल्या पन्हाळा बघायचा का हे गंजकं लोखंड?"

सहाव्या मजल्यावरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये आम्ही उभे होतो. फ्लॅट नवरीसारखा नटवलेला. खोटी फळं, खोटी पुस्तकं, भिंतीवर खोटा टीव्ही. बाल्कनीचा काचेचा कठडा मात्र पुण्याहून येताना वाटेत फुटला होता. म्हणून काठाला परांचीचे दोन आडवे पाइप मी क्लॅम्प मारून बसवून घेतले होते. त्या अख्ख्या फ्लॅटमध्ये खरी वस्तू म्हणावी तर तेवढीच.

"पाइप काढले तर काठाला काय राहणार?" मी विचारलं.

"झेंडूची माळ," मालक म्हणाले. "चांगली जाड. मांडीएवढी. डेकोरेशनवाल्याला सांगून ठेवलंय."

मला वाटलं गंमत करतायत. साइट मॅनेजर चौगुले मान डोलवत होते, म्हणजे गंमत नव्हती. चौगुले फक्त गंभीर गोष्टींना मान डोलवायचे आणि मालक बोलले की प्रत्येक गोष्ट गंभीर व्हायची.

"माळेला कुणी टेकलं तर?"

"कोण टेकतंय? येणारी माणसं शिकलेली हायत, मॅडम. आमदार साहेब येणार, डॉक्टर येणार, वकील येणार. फुलाला टेकून उभं ऱ्हाणारं येडं कोण आसंल त्यात?"

मी या इमारतीवर सेफ्टी ऑफिसर होते. नोकरी कशी मिळाली तेही सांगते. कर्ज देणाऱ्या बँकेनं अट घातली होती की साइटवर असा एक अधिकारी हवा. मग इंगवल्यांनी जाहिरात दिली आणि सगळ्यात स्वस्त उमेदवार घेतला. ती मी. माझं टेबल संडासाशेजारी होतं. पांढरी हेल्मेटं पाहुण्यांसाठी प्लास्टिकच्या पिशव्यांत जपून ठेवलेली असायची आणि तडा गेलेली पिवळी कामगारांना. कमरेचे पट्टे कपाटात कुलूपबंद असायचे, कारण वापरले की मळतात. मला सगळे मॅडम म्हणायचे आणि माझं कुणी ऐकायचं नाही. त्या दिवशी मात्र मी अडून बसायचं ठरवलं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "पाइप काढा. पण खालचं जाळं राहील. ते निघालं तर मी तडक साहेबांच्या बंगल्यावर जाऊन सांगेन की उद्या ज्या बाल्कनीत उभे राहाल तिला कठडाही नाही आणि खाली काहीही नाही."

मालकांचा चेहरा उतरला. बाकी कुणी पडलं असतं तर त्यांनी ते सोसलं असतं. साहेब पडले असते तर पुढची जमीन बिगरशेती कोण करून देणार?

त्यांनी काठावरून दबकत खाली डोकावून पाहिलं. पाचव्या मजल्याच्या उंचीला, बाल्कनीच्या बरोबर खाली, माझं हिरवं नायलॉनचं जाळं लोखंडी हातांवर बाहेर पसरलेलं होतं. सुंदर नव्हतंच ते. त्यात प्लास्टरची ढेकळं, गुटख्याच्या पुड्या आणि कुणाची तरी एक चप्पल पडली होती.

"शी! कोळीवाडा हाय काय ह्यो? फोटोत हे येणार?"

इथं चौगुल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आयुष्यात क्वचित पडायचा, तो नेमका तेव्हा पडला.

"मालक, वरनं फ्लेक्स टाकूया की. साहेबांचा. स्वागताचा मोठा फ्लेक्स छापलाच हाय. जाळ्यावर पसरला की झाकून जातंय सगळं. आणि साहेबांनी बाल्कनीतनं वाकून बघितलं की..."

"स्वतःच दिसणार!" मालकांनी मांडीवर थाप मारली. "वा चौगुले!"

मी कपाळाला हात लावला. पण जाळं वाचलं होतं. वरून काय पांघरतात याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

जाळं साफ करून फ्लेक्स बांधायचं काम म्हादबाकडे आलं. म्हादबा आमचा परांचीवाला. जाळंही त्यानंच माझ्या देखरेखीखाली बांधलं होतं. चाळिशीचा, किडकिडीत, तोंडानं फटकळ. भांडून मी त्याच्यापुरता एक पट्टा कपाटातून काढून घेतला होता, पण पट्ट्याचा त्याला भारी कंटाळा. "पट्टा बांदला की गोठ्यातल्या म्हशीगत वाटतंय," म्हणायचा. मी समोर असले की बांधायचा, मी वळले की सोडायचा. जाळ्यावर मात्र त्याचा जीव होता. पाचव्या मजल्यावरून तो अनवाणी जाळ्यात उतरला आणि गच्चीवर फिरावं तसा फिरत ढेकळं गोळा करू लागला.

"म्हादबा, पट्टा!"

"हाय की." त्यानं पट्टा दाखवला. हूक कशालाच अडकवलेला नव्हता. "मॅडम, माझ्या हातची गाठ हाय ही. यमाला बी सुटायची न्हाई. तुमी भिऊ नगासा."

"मला नाही भीती. तू भी."

हसत त्यानं हूक अडकवला. मग त्यानं आणि दुसऱ्या एकानं फ्लेक्स पसरला. साहेबांचा चेहरा खोलीएवढा मोठा. हात जोडलेले, कपाळाला टिळा, मागे भगवा सूर्य. म्हादबा कोपरे बांधत या गालावरून त्या गालावर चालत होता.

"अरे ए!" चौगुले वरून ओरडले. "साहेबांच्या तोंडावर पाय देतोस?"

"मग काय पालथं घालू साहेबांना?" म्हादबानं विचारलं आणि स्वतःच्या पावलाचा ठसा बाहीनं पुसला. पुसता पुसता माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "मॅडम, तुमचं जाळं गेलं बगा साहेबांच्या पोटाखाली. आता कुणाला म्हाईत बी न्हाई हितं जाळं हाय म्हणून."

दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं. साहेब आले. कार्यकर्ते आले. कुठलं फूल कुठं लावावं याचं ज्ञान असलेल्या बऱ्याच बायका आल्या. फीत कापली. बाल्कनीच्या फरशीवर नारळ आपटला, तो फुटून पाणी चौफेर उडालं. साहेबांनी माळेपासून हातभर लांब उभं राहून, मान तेवढी पुढे काढून खाली पाहिलं. खालून साहेबच वर पाहत होते, हात जोडून. खरे साहेब इतके खूश झाले की त्यांचेही हात आपोआप जोडले गेले. टाळ्या पडल्या. कुणीही माळेला टेकलं नाही. मालक बरोबर होते, पाहुण्यांना अक्कल होती.

सगळे खाली मंडपात गेले तेव्हा मी बाल्कनीचं दार ओढून घेतलं, कडी लावली आणि चौगुल्यांना बजावलं, "पाइप परत बसेपर्यंत हे उघडायचं नाही."

"व्हय, व्हय," चौगुले म्हणाले. मला खाली शाल-श्रीफळाचं तबक धरून उभं राहायचं काम होतं. सेफ्टी ऑफिसरचं दुसरं काय काम असणार!

भाषणं सुरू झाली. दौलतरावांनी माइक हातात घेऊन माझाही उल्लेख केला. "आमच्या तांबवेकर मॅडम. काल म्हणत होत्या, साहेब पडतील. मी म्हटलं, मॅडम, आमचे साहेब गेल्या तीन निवडणुकांत पडले न्हाईत, बाल्कनीतनं कुठलं पडतात!" मंडप हसून लोटपोट झाला. मी तबक धरून उभी होते. आजही तो हशा आठवला की मला तबक फेकून मारावंसं वाटतं.

मग साहेब बोलायला उभे राहिले. जनता, विकास, जनता असं चाललं होतं. माझी नजर सवयीनं वर होती. सहाव्या मजल्यावर केशरी रेघ दिसत होती, ती माळ. त्या रेघेच्या मधोमध हिरवं लुगडं दिसलं. पाठमोरं, बसलेलं. मी तोंड उघडलं तोवर रेघ मधून वाकली, तुटली आणि झेंडूच्या फुलांबरोबर ती बाई खाली आली.

बाया किंचाळल्या. एक मजला खाली धप्पकन आवाज झाला. साहेबांचा फ्लेक्स खोलगट झाला, वर उसळला, पुन्हा खोलगट झाला. मग वरून राहिलेली फुलं तिच्यावर टपटप पडत राहिली. तबक कुठं टाकलं मला आठवत नाही. जिन्यात मागून माइक ऐकू येत होता. साहेब सेकंदभरच गप्प झाले होते. तेवढ्यात त्यांना सुचलंसुद्धा.

"बंधूंनो, बघितलंत? जनता पडली, तर झेलायला मी हाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी तिसऱ्या मजल्यावर होते तेव्हाही तो चालूच होता.

ती हौसाबाई होती. म्हादबाची बायको. साइटवर झाडलोट, फरशी पुसणं तिच्याकडे. माझ्या आधी म्हादबा तिथं पोचला होता आणि साहेबांच्या कपाळावर गुडघे टेकून बायकोला धरून बसला होता. ती शुद्धीवर होती. कण्हत होती. खुबा मोडला होता आणि एक मनगट. जिवंत होती.

"मॅडम," म्हादबा एवढंच म्हणाला. त्यानं एक हात फ्लेक्सवर ठेवून खालची दोरी चाचपली आणि ढसाढसा रडला. मीही रडले. माझी नोकरी, माझं डिप्लोमाचं पुस्तक, माझं संडासाशेजारचं टेबल, सगळं त्या एका क्षणात कारणी लागलं असं मला वाटलं.

दवाखान्यात हौसाबाईनं मला सांगितलं.

"चौगुलेसायेब म्हणालं, गिऱ्हाईक वर यायच्या आत बाल्कनी पुसून घे, नारळाचं पाणी चिकाट झालंय. कडी त्येंनीच काढली. म्या रोज पुसतीया ती बाल्कनी. दारातनं सुरू करायचं, उकिडवं बसून पुसत पुसत मागं जायचं. पाठीला पाइप लागला की थांबायचं. पुसलेल्यावर पाय नगं म्हणून मग काठाकाठानं भाईर यायचं. त्या दिशी पाइप लागलाच न्हाई वो. फुलं लागली. मला वाटलं, माळ हाय, माळंच्या मागं पाइप आसंलच."

तिला कुशीवर वळवायला मी नर्सला मदत करत होते. पाठीवरचा पदर सरकला आणि मला दिसलं. खांद्यापासून कमरेपर्यंत निळेजांभळे वळ उठले होते. तिरक्या रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या, गुळपापडी कापावी तशा चौकड्या. फ्लेक्सच्या आरपार जाळ्यानं आपली सही करून ठेवली होती.

"हे दाखवायला हवं," मी म्हटलं.

"कुणाला?" हौसाबाई म्हणाली. "गड्यांस्नी पाठ उघडी करून?"

तोवर उशीरच झाला होता. वर्तमानपत्रात फोटो आला होता. साहेबांचा भला मोठा चेहरा, त्यावर फुलांत पडलेली बाई. खाली मथळा, 'साहेबांनी झेललं!' बातमीत फ्लेक्सचं माप होतं, साहेबांचं भाषण होतं, साहेबांच्या आईचा आशीर्वाद होता. जाळं हा शब्द शोधून सापडला नाही. कठडा हाही नाही. बाई का पडली हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. कशावर पडली एवढ्यावरच सगळे खूश होते.

दहा-पंधरा दिवसांनी तिचा सत्कार झाला. हो, पडलेल्या बाईचा सत्कार. चाकाच्या खुर्चीतून तिला स्टेजवर नेलं, साडी दिली, माइक दिला. हौसाबाईनं माइक बऱ्या हातात धरला. मग म्हणाली, "सायबांनी मला वाचिवलं. सायब देवमाणूस हायत."

उतरल्यावर मी तिला गाठलं. मला राग आवरेना.

"हौसाबाई, तुम्हाला तर माहीत आहे! जाळं होतं खाली. तुमच्याच नवऱ्यानं बांधलेलं."

"म्हाईत हाय की."

"मग?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या मांडीवर नवी साडी तशीच घडीत होती.

"मॅडम, दवाखान्याचं बिल जाळ्यानं भरलं न्हाई."

बिल मालकांनी भरायचं होतं. त्यांनी, बाई स्वतःच्या चुकीनं पडली, असं म्हणून हात झटकले होते. साहेबांनी भरलं. म्हणून साहेब देव.

यानंतर जे झालं ते मी कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, तुम्ही तिखटमीठ लावता. लावायची गरजच नव्हती.

गावात फ्लेक्सची लाट आली. कार्यकर्ते फुकट छापून द्यायचे, फुकट बांधून द्यायचे. नदीपलीकडे इंगवल्यांची दुसरी इमारत वर चढत होती. तिथं जाळ्यासाठी मी मागणी लिहून पाठवली. मालकांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, जाळ्याला पैसं पडतात, परत फोटोत घाण दिसतंय. फ्लेक्स लावलेत की सगळीकडनं. प्रत्येक बाजूला एक, जाळ्यागत लोखंडी हातांवर आडवा, साहेबांचं तोंड खालच्या माणसाला दिसंल आसं. कामगार खूश, साहेब खूश."

"मालक, त्या दिवशी फ्लेक्सखाली जाळं होतं. तुमच्या डोळ्यांदेखत बांधलंय."

"आसंल," ते म्हणाले. हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मला आधी ऐकू आलं यावरच विश्वास बसेना. "जाळं आसंल, पण लोकांचा विश्वास कशावर हाय? कामगार वर चढायच्या आधी साहेबांना नमस्कार करतात, मॅडम. बघा जाऊन. पहिल्यांदा एवढी शिस्त आलीय साइटवर."

"नमस्कारानं माणूस झेलला जात नाही."

"तुम्ही लई निगेटिव्ह बोलता." त्यांनी चहा मागवला. एकच कप. "तुम्ही जुन्याच साइटवर ऱ्हावा. तिथं सॅम्पल फ्लॅट बघायला येणाऱ्यांना हेल्मेट द्यायला माणूस पायजे. नव्या साइटवर तुमचं काय काम न्हाई."

मी सरकारी कार्यालयात लेखी तक्रार दिली. तिथल्या अधिकाऱ्यांनी ती वाचली, मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. एक अधिकारी नव्या साइटवर जाऊनही आला. येताना त्याच्या खांद्यावर शाल होती.

तर मी जुन्या इमारतीत पांढरी हेल्मेटं वाटत होते. बाल्कनीला आता खरी काच बसली होती. लोक काचेला टेकून पन्हाळा बघत आणि म्हणत, हीच का ती बाल्कनी? चौगुले हातवारे करून सांगत, बाई इथून अशी गेली आणि साहेबांनी अशी झेलली. फ्लॅट भराभर खपले. हौसाबाईच्या पडण्यानं इंगवल्यांचं जेवढं भलं झालं तेवढं पन्हाळ्यानंही केलं नसतं.

म्हादबा मधले महिने बायकोपाशीच होता. तिला उचलून बसवणं, न्हाऊ घालणं, सगळं तोच करायचा. ती काठी घेऊन चालायला लागली आणि तो कामावर परत आला. त्याला थेट नदीपलीकडे पाठवलं. मला हे कळलं ते त्या दिवशी दुपारी, चौगुल्यांचा फोन आला तेव्हा.

मी पोचले तोवर त्याला हलवलं होतं. खाली सळ्यांच्या ढिगाजवळ वाळू टाकलेली होती. मी वर बघितलं. सातव्या मजल्याच्या उंचीला साहेबांचा चेहरा मधोमध उभा फाटला होता. एक डोळा या बाजूला, एक त्या बाजूला, मधून आकाश दिसत होतं.

"पट्टा नव्हता?" मी विचारलं.

"पट्टे कपाटात हायत," चौगुले म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"कसा पडला?"

उत्तर म्हादबाबरोबर वर असलेल्या गड्यानं दिलं. तो जमिनीवर बसला होता.

"पडला न्हाई वो, मॅडम. उतरला."

"म्हणजे?"

"त्येच्या हातातला क्लॅम्प निसटून खाली फ्लेक्सवर पडला. म्हणाला, थांब, आनतो. म्या म्हणलं, म्हादबा, आरं फ्लेक्स हाय त्यो. तर हसला. म्हणाला, तुला काय कळतंय, खालनं जाळं आसतंय, म्या सोता बांदतोय. आन पायरी उतरल्यागत उतरला."

मी तिथंच त्या गड्याशेजारी वाळूत बसले. त्या साइटवर साहेबांना नमस्कार करणारे पन्नास भोळे होते. त्यांच्यातल्या एकानंही कधी फ्लेक्सवर पाय ठेवला नसता, पाप लागेल म्हणून. म्हादबाचा साहेबांवर काडीचा विश्वास नव्हता. त्याचा विश्वास माझ्या जाळ्यावर होता.

मालक आले. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, रुमालानं तोंड पुसलं. मी उठून त्यांच्यासमोर उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण त्यांनीच आधी तोंड उघडलं.

"फ्लेक्स हलका निघाला, मॅडम. पहिला होता तो जाड होता. ह्या पोरांनी छपाईत पैसं खाल्लं."

त्यांच्या तोंडावर थुंकावं असं वाटलं आणि मी थुंकले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. मी फक्त हेल्मेट काढून त्यांच्या पायाशी टाकलं. तीच माझी नोकरी सोडल्याची नोटीस. पोलिसांना मी जबाब दिला, कोर्टातही दिला. निकालात 'कामगाराचा हलगर्जीपणा' असं आलं. मालकांचा वकील हुशार होता. त्याच सॅम्पल फ्लॅटच्या वरचा फ्लॅट त्यानं घेतलाय.

पण मला सांगायचं आहे ते म्हादबाच्या दहाव्या दिवसाचं. हौसाबाईला नदीपलीकडच्या साइटवरून म्हादबाची हत्यारं न्यायची होती. मी बरोबर गेले. काठी टेकत टेकत ती फाटकातून आत आली. काम सुरू झालं होतं. वर माणसं होती, हातोड्यांचे आवाज होते. कुणीतरी तिच्याकडे बघून मान खाली घातली.

"त्येंनी मला घरात इच्यारलं हुतं," ती एकदम म्हणाली. "सत्काराच्या राती. हौसे, तू खरं का बोलली न्हाईस? तर म्या म्हणलं, तुमाला म्हाईत हाय ना खरं? मग झालं की. तुमाला म्हाईत हाय तेवढं बास."

मी तिचा हात धरला.

पाना, हातोडी आणि दोरीचं भेंडोळं एका पोत्यात घालून कुणीतरी आणून दिलं. पोतं मी घेतलं. निघताना हौसाबाई थांबली आणि तिनं मान वर केली. सातव्या मजल्याच्या उंचीला, फाटलेला फ्लेक्स काढून त्याच लोखंडी हातांवर नवा फ्लेक्स बांधला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' एका कोपऱ्यात म्हादबाचा फोटो, ओळखपत्रावरचा, मोठा करून अंधुक झालेला. मधोमध साहेब, हात जोडलेले. खाली शोकाकुल म्हणून दौलतराव इंगवले आणि मित्रमंडळ. त्याच्या बरोबर वर, काठावर, दोन गडी विटा लावत होते. पट्टा एकाच्याही कमरेला नव्हता.

तिला वाचता येत नव्हतं. फोटो तेवढा ओळखला.

"मॅडम," तिनं विचारलं, "त्येच्या खाली जाळं हाय का वो?"

मी पोतं खाली ठेवलं आणि सात मजले चढून बघून आले.

नव्हतं.